मे महिन्याचा पहिला रविवार

आमच्या स्वयंपाकघरात फडताळाशेजारी कालनिर्णय टांगलेलं आहे. दुधाचा हिशोब, सिलिंडर कधी लावला, मामींच्या बीपीच्या गोळ्या कधी संपणार, यांची सुट्टी कधी सुरू आणि कधी खलास, सगळं त्याच्यावर. यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या, मे महिन्याच्या पानावर ४ तारखेला मी लाल पेनानं गोल केला आणि आत ‘नीट’ एवढंच लिहिलं. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, त्यांची नजर तिकडं गेली. "त्या दिवशी काय नीट करायचं हाय गे?"

मी म्हटलं, "सगळंच."

खरं सांगायचं धाडस तेव्हा नव्हतं. बत्तीस वर्षांची बाई, लेक चौथीत, नवरा मिलिटरीत, आणि ही डेंटलच्या ‘नीट’ प्रवेशपरीक्षेला बसणार म्हटल्यावर तो विषय आमच्या गावाला ऊसतोडीपर्यंत पुरला असता. घरात तिघांनाच माहीत होतं. हे, मामी (म्हणजे माझ्या सासूबाई) आणि ईशू. ईशूला सांगणं म्हणजे गावाला सांगणंच, पण तिनं कमाल केली, एकदाही फोडलं नाही.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, नंदगडपासून थोडं आत. हे मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार आहेत. २००६ ला भरती झाले. मी २०११ ची पीयूसी (म्हणजे बारावी) सायन्स. तेव्हाच मला दातांचं डॉक्टर व्हायचं होतं का? नाही. तेव्हा मला कुठलंही डॉक्टर व्हायचं होतं, आणि बापाला माझं लग्न करायचं होतं. बाप जिंकला. तक्रार नाही, नवरा चांगला मिळाला, फक्त तो वर्षातले नऊ-दहा महिने फोनमध्ये असतो.

दातांशी गाठ पडली ती पगारामुळं. सहा वर्षांपूर्वी खानापुरात एका दातांच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून लागले. सकाळी साडेनऊ ते दोन. सक्शन धरायचं, अवजारं धुऊन ऑटोक्लेव्हला लावायची, कवळीच्या मापासाठी अल्जिनेट कालवायचं. अल्जिनेटचं गणित भाकरीच्या पिठासारखं आहे. पाणी जास्त झालं की ढिलं, कमी पडलं की गुठळ्या, आणि घोटायला मिळतं जेमतेम मिनिटभर. पाणी गार असलं तर घट्ट व्हायला जरा उशीर लागतो, म्हणून उन्हाळ्यात मी माठातलं घेते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा मॅडम बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तू शिकायला हवी होतीस." त्या सहज बोलून गेल्या, पण ते ‘होतीस’ मला दिवसभर टोचत राहिलं.

माझं माहेर निपाणीकडचं. सगळा तंबाखूचा पट्टा. बाबांच्या कमरेला चंची कायम. त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा होता, आम्ही म्हणायचो चुन्यानं पोळलंय. मॅडमनी आरसा घालून बघितलं, दोन बोटांनी चाचपलं आणि त्याच दिवशी बेळगावला चिठ्ठी दिली. तुकडा काढून तपासला, वेळेत सापडलं, बाबा अजून आहेत. चंची सुटली, चिडचिड तेवढी वाढली. आणि आमच्या दवाखान्यात आठवड्याला एक तरी पोरगा असा येतो की ज्याच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी जात नाहीत. आतून गाल पांढराफटक, चामड्यासारखा ताठ. वय विशी-बाविशी. गुटख्याला बंदी आहे, म्हणून टपरीवर दोन वेगळ्या पुड्या मिळतात, हातावर एकत्र केल्या की झाला गुटखा. मॅडम त्यांना आधी कन्नडमध्ये शिव्या घालतात, मग मराठीत. मी खुर्चीच्या बाजूला उभी राहून हे सगळं बघत होते आणि मला कळत होतं की ट्रे पुसण्यापेक्षा जास्त काहीतरी मला जमेल.

२०२२ च्या मार्चमध्ये नीटला बसायची वरची वयोमर्यादा काढून टाकली. आधी खुल्या गटाला पंचवीस आणि राखीवला तीस होती. ही बातमी मी एका पेशंटच्या हातातल्या जुन्या पेपरात वाचली, त्याची दाढ काढायची होती, भूल चढेपर्यंत तो पेपर चाळत बसला होता. दाढ निघाली, तो गेला, पेपर मी ठेवून घेतला.

आता तारखांचं बघा. नीट वर्षातून एकदाच. २०२३ ला ७ मे, २०२४ ला ५ मे, २०२५ ला ४ मे. तिन्ही वेळा मेचा पहिला रविवार. मॅडमची भाची अमेरिकेत आहे, तिथं डेंटल कॉलेजला जाण्याआधीची परीक्षा कॉम्प्युटरवर असते आणि वर्षभरात आपल्याला जमेल तो दिवस आपण धरायचा. हे ऐकून मी मॅडमना दोनदा विचारलं, आपण धरायचा? आपण? मला ते खरंच वाटेना. आमच्याकडं मेचा पहिला आठवडा म्हणजे लग्नं, वास्तुशांती, यात्रा, आंबे, माहेरवाशिणी, आणि पावसाआधी जळण भरून ठेवायची घाई. खानापूरच्या पावसात ओल्या लाकडावर चूल पेटवून बघा म्हणजे समजेल ती घाई काय असते.

२०२३ ला माझा अभ्यास अर्धाकच्चा होता, बसलेच नाही. २०२४ ला फॉर्म भरला, फी भरली आणि मार्चमध्ये मामी न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड. ५ मे २०२४ ला दुपारी दोन वाजता, जेव्हा पेपर वाटत असतील, तेव्हा मी मामींचा वॉकर धरून अंगणात उलट्या पावलांनी चालत होते आणि त्या मला म्हणत होत्या, "तुझा आज तो पेपर होता न्हवं?" त्यांना तारीख पाठ होती. त्याच दिवशी त्यांनी यांना फोनवर सांगितलं, पुढच्या वर्षी तू तेव्हा घरात पाहिजेस.

फौजीला वर्षाला साठ दिवस वार्षिक सुट्टी आणि तीस दिवस कॅज्युअल. कागदावर नव्वद. त्यातला एक तुकडा गणपतीला जातो, एक भाताच्या रोपणीला, एक कुणाच्या तरी लग्नाला. आणि गणपतीला सुट्टी मागणारे मराठा पलटणीत किती असतील याचा विचार करा, सगळ्यांना सोडलं तर पहाऱ्याला कोण? त्यामुळं सुट्टी मागायची म्हणजे आपल्या घरची निकड दुसऱ्याच्या निकडीपेक्षा मोठी आहे हे पटवायचं. "बायकोची परीक्षा" हे कारण यांनी सुबेदार साहेबांना सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, बी.एड. का? हे म्हणाले, नाही, नीट. साहेबांचा पोरगाही त्याच वर्षी नीटला होता. ते गप्प झाले आणि मग म्हणाले, बघू.

फॉर्मचा त्रास वेगळाच. दहावीच्या मार्कलिस्टवर माझं माहेरचं नाव, आधारावर सासरचं. आधार बदलावं तर लष्कराच्या कागदात, पार्ट टू ऑर्डरमध्ये, बायको म्हणून सासरचं नाव चढलेलं. तिथं फरक पडला की कँटीन कार्डापासून पुढच्या पेन्शनपर्यंत सगळीकडं शेपूट लागतं. शेवटी नोटरीकडून प्रतिज्ञापत्र केलं की या दोन्ही बाया म्हणजे मीच. फॉर्मवर वडलांचं नाव विचारतात, आईचं विचारतात, नवऱ्याला रकाना नाही. फी १७०० रुपये. ते मी माझ्या पगारातून भरले, यांच्या नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

मग भाषा. नीट मराठीत देता येते, पण मराठी प्रश्नपुस्तिका फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. कर्नाटकात इंग्रजी, हिंदी, उर्दू नाहीतर कन्नड. म्हणजे मला मराठीत पेपर हवा तर कोल्हापूर गाठायचं. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत, ‘पेशी’ आणि ‘ऊती’ माझ्या तोंडात बसलेले. पीयूसीला सगळं इंग्रजी. दोन दिवस विचार केला. बेळगावपर्यंत मला बस फुकट आहे, शक्ती योजनेत आधार दाखवायचं की झालं. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट. मधे सीमेवर काय लागू होतं आणि काय नाही ते कंडक्टरलाच ठाऊक. मी हा हिशोब मांडत बसले होते आणि नेमकं त्याच वेळी, फेब्रुवारीच्या शेवटी, भाषेवरून भांडण पेटलं आणि दोन्हीकडच्या बसगाड्या सीमेवरच थांबल्या. मग मी बेळगाव केंद्र टाकलं आणि इंग्रजी निवडली. मराठीत पेपर देण्याची हौस होती. पण ४ मेला कोगनोळीच्या नाक्यावर अडकून पडायची नव्हती.

अभ्यासाबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांचा सारखाच असतो. पहाटे चार ते सहा, नळाला पाणी येईपर्यंत. दवाखान्यात दोन पेशंटच्या मधे. रात्री ईशू प्रश्न वाचायची आणि मी भाकरी थापत उत्तर द्यायची. ती ‘मायटोकॉन्ड्रिया’ला ‘मायटो काँड्या’ म्हणायची, आता मलाही तेच येतं. एक गंमत मात्र सांगायलाच हवी. २०२४ पासून अभ्यासक्रमातून काही धडे गळाले, त्यात पचनसंस्थेचा धडा गेला. मानवी दातांचं सूत्र, वर २१२३ आणि खाली २१२३, ते त्याच धड्यात होतं. म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या परीक्षेत दातच नाहीत. हे मी मॅडमना सांगितलं तर त्या हातातलं काम थांबवून हसल्या. खुर्चीतल्या आजोबांना वाटलं आपल्या बोळक्या तोंडाला हसतायत.

तर यंदाची आखणी अशी. एप्रिलच्या मध्यात गावची लक्ष्मीची यात्रा, बारा वर्षांनी आलेली. ४ मेला पेपर. यांनी दोन्ही एकाच सुट्टीत बसवलं, १३ एप्रिल ते १२ मे. यात्रेचं कारण पुढं केलं, परीक्षेचं मागं ठेवलं. यात्रा कुठल्याही साहेबाला समजते.

बारा वर्षांनी लक्ष्मी येते म्हणजे काय हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून कळणार नाही. महिनाभर आधी घरं रंगली. आमचं मी मोरपंखी करा म्हटलं होतं, रंगाऱ्यानं पोपटी केलं. घरोघरी मांडव, गदगपासून गोव्यापर्यंतचे पाहुणे. आमच्या घरात एका रात्री एकेचाळीस माणसं झोपली, मी मोजली, कारण झोपायला जागा नव्हती म्हणून बसून होते. मांडीवर केमिस्ट्रीचं पुस्तक, त्याला कीर्तनाच्या वहीचं कव्हर घातलेलं. लक्ष्मी गल्लीगल्लीतून खेळवत नेत होते, भंडाऱ्यानं रस्ता पिवळा, आणि मी ओटीचं ताट हातात धरून मनात अल्डिहाइड-किटोन म्हणत होते. मामींना कळलं. कानाशी येऊन म्हणाल्या, "देवीफुडं तरी थांब की गे." थांबले. पाच मिनिटं.

हे यात्रेत रमले होते. शाळासोबती भेटले, बोकड कुणाचा किती किलो भरला त्याच्या गप्पा. मला म्हणाले, यात्रा संपली की पुढचे दहा दिवस तू स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. मी ते कालनिर्णयावर लिहून त्यांची सही घेतली.

२२ एप्रिलला, मंगळवारी, संध्याकाळी पहलगामच्या हल्ल्याची बातमी आली. यात्रेचा मांडव अजून उतरवला नव्हता. गल्लीत स्पीकर चालू होता तो कुणीतरी बंद केला. हे टीव्हीपुढं उभेच राहिले, बसले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "बॅग वरून खाली काढून ठेव." एवढंच. २५ ला फोन आला. २६ ला बेळगावहून गोवा एक्स्प्रेसनं गेले. स्टेशनवर तशीच निघालेली आणखी माणसं होती, एकमेकांना न ओळखता ओळखणारी, काळ्या ट्रंका, बायका आणि डोळे न पुसणाऱ्या आया. गाडी हलली तसं हे खिडकीतून म्हणाले, "तू पेपर सोडायचा नाहीस." मी म्हटलं, "तुम्ही सही केलीय."

त्या रात्री मी ठरवलं होतं, सोडायचा. तसा मोठा विचार काही केला नाही. घर आवरायचं होतं, एकेचाळीस माणसांच्या वाकळा धुवायच्या होत्या, मामींना अजून काठी लागते, आणि डोक्यात टीव्ही. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, वाक्य दिसायचं नाही. चार दिवस असे गेले. मग अक्षय्य तृतीयेला प्रवेशपत्र आलं. खानापुरात झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली. दुकानदार म्हणाला, "ताई, पोरीचं का?" मी हो म्हटलं. आणि बाहेर येऊन मला स्वतःचाच इतका राग आला की त्या रागावर मी पुढचे चार दिवस अभ्यास केला.

३ तारखेच्या रात्री खरी अडचण आली. प्रवेशपत्रावर लिहिलेलं की दागिने नकोत. एप्रिलमध्येच कर्नाटकात सीईटीच्या वेळी जानवं काढायला लावलं म्हणून केवढा गदारोळ झाला होता. मंगळसूत्र चालेल की नाही, गेटवर कोण काय म्हणेल, कुणाला ठाऊक. मला वाद घालायची ताकद ठेवायची नव्हती, होती ती फिजिक्सला लागणार होती. बांगड्या साबण लावून काढल्या, जोडवी काढली. मंगळसूत्राला हात घातला आणि मामी म्हणाल्या, "थांब. तो तिकडं, आणि तू हितं गळा मोकळा करणार?"

मी काही बोलले नाही. मी असल्या गोष्टी फार मानत नाही, दवाखान्यात हातमोजे घालताना मी ते पदराखाली सारते आणि विसरते. पण त्या रात्री माझाही हात तिथंच थांबला होता, हे खरं.

मामी काठी टेकत आत गेल्या. मसाल्याच्या डब्यातून एक हळकुंड काढलं, जाड पांढरा दोरा घेतला, हळदीच्या पाण्यात पिवळा केला, हळकुंडाला गाठ मारली आणि माझ्या गळ्यात बांधलं. मग म्हणाल्या, "आता काढ ते." पूर्वी मंगळसूत्र तुटलं तर सोनाराकडून येईपर्यंत बायका असंच बांधायच्या. मला ते आठवलंच नसतं. परीक्षेच्या नियमात आणि सासूच्या मनात एकाच वेळी बसणारी वस्तू दोन रुपयांची निघाली.

रविवारी सकाळी मी, मामी आणि ईशू, तिघी बसनं बेळगावला. मामींना घरी ठेवायला कुणी नव्हतं आणि त्या राहणारही नव्हत्या. केंद्र टिळकवाडीतली एक शाळा. गेटसमोर पोरापोरींची आणि आईबापांची गर्दी, कुणी नारळपाणी पाजतंय, कुणी शेवटचे फॉर्म्युले घोकतंय. मी रांगेत शिरले तर गार्ड म्हणाला, "पेरेंट्स होरगे निल्री." म्हणजे पालकांनी बाहेर थांबा. मी प्रवेशपत्र दाखवलं. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. माझ्यामागची पोरगी खुसकन हसली आणि मग लगेच म्हणाली, "सॉरी आंटी." ते आंटी जास्त लागलं.

आत तपासणीला एक पोलीस बाई होती. यंत्र फिरवलं, वाजलं नाही. मग तिचा हात गळ्याशी आला. "एन इदु?"

"अरिशिण री," मी म्हटलं. हळद. आणि कसं कोण जाणे, पुढचंही तोंडातून गेलं, "गंड मिलिटर्याग अदार री." नवरा मिलिटरीत आहे.

तिनं हळकुंड दोन बोटांत धरलं, बघितलं, सोडलं. माझी ओढणी नीट केली. म्हणाली, "होग्री. चलो बरीरी." जा, चांगलं लिहा. सीमाभागात राहून आयुष्यभर भाषेवरून भांडणं ऐकली. मी वर्गात जाऊन बाकावर बसले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं ते कन्नडमुळं, हे कुणाला सांगितलं तर पटायचं नाही.

पेपर दोन ते पाच. १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबरला चार, चुकलं की एक वजा. बायॉलॉजी आधी घेतली, ती बरी गेली. केमिस्ट्री मधली. फिजिक्स उघडलं आणि मला वाटलं की माझ्याच पुस्तिकेत चुकून दुसऱ्या कुठल्यातरी परीक्षेची पानं आलीत. पण आजूबाजूची अठरा वर्षांची पोरंही पेन तोंडात घालून छताकडं बघत होती, तेव्हा धीर आला. बारा प्रश्नांना हात लावला, बाकीचे तसेच सोडले. साडेचारला बाहेर कुठंतरी हेलिकॉप्टरचा आवाज आला. तेवढी पाच मिनिटं मी पेपरात नव्हते.

बाहेर आले तर मामी चिंचेच्या झाडाखाली, अवतीभोवती सात-आठ आया. त्यांच्या मधोमध ईशू उभी राहून मोठ्यानं सांगत होती, "माझी मम्मी आत हाय." बारा महिने गुपित राखलं आणि शेवटच्या तीन तासांत सगळं फोडलं. संध्याकाळच्या बसमध्ये आमच्या गावचे दोघं होते. घरी पोचायच्या आधी बातमी पोचली.

५ तारखेला संध्याकाळी यांचा फोन आला. पेपर कसा गेला ते विचारलं, फिजिक्सचं ऐकून हसले. मग फोन बंद. ७ ला पहाटे शेजारच्या काकूंनी दार वाजवलं, टीव्ही लाव म्हणून. दिवसभर टीव्ही, ऑपरेशन सिंदूरच्या बातम्या. माहिती द्यायला बसलेल्या कर्नल सोफिया कुरेशी, त्या गोकाक तालुक्यातल्या कोण्णूरच्या सून निघाल्या. मामींनी ते तीन-चारदा म्हणून घेतलं, "आमच्याच जिल्ह्यातली सून." त्यांना काहीतरी धरायला हवं होतं. मी आमटीला फोडणी द्यायचे आणि गॅस बंद करायला विसरायचे. मंगळसूत्र मी रविवारी रात्रीच घातलं होतं, पण ते हळकुंड काढायला मामी तयार नव्हत्या आणि मीही विचारलं नाही. आठवडाभर दोन्ही गळ्यात. दवाखान्यात पांढऱ्या कोटाच्या कॉलरला पिवळा डाग पडला, मॅडमनी बघितला, काही म्हणाल्या नाहीत.

१० ला संध्याकाळी गोळीबार थांबल्याची बातमी आली. ११ ला सकाळी चाळीस सेकंदांचा फोन. "जेवलीस?" सकाळचे आठ वाजले होते. मी हो म्हटलं.

निकाल १४ जूनला. २८७. बायॉलॉजीत २०६, केमिस्ट्रीत ५८, फिजिक्समध्ये २३. यंदा खुल्या गटाला पात्र व्हायला १४४ लागत होते, त्यामुळं पात्र झाले हे नक्की. पण पात्र होणं आणि सीट मिळणं यात बेळगाव ते बेंगळुरूएवढं अंतर आहे. राज्य सरकारची डेंटल कॉलेजं बेंगळुरूला आणि बळ्ळारीला. बेळगावात दोन आहेत, दोन्ही खासगी, तिथं सरकारी कोट्यातली सीट लागली तरच आमच्या खिशाला झेपणार. महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी थोड्या राखीव जागा असतात. महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या ८६५ गावांतलं आमचं गाव, मातृभाषेचा दाखलाही काढता येईल. बाबांचा आग्रह आहे की तिकडं टाक. पण तिथली सरकारी डेंटल कॉलेजं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. मामींना काठी आहे, ईशूला पाचवी आहे. मला रोज संध्याकाळी घरी येता येईल अशीच सीट पाहिजे. ही अट कुठल्याही माहितीपुस्तिकेत नाही, पण माझी पहिली तीच आहे.

हे म्हणतात, मी कागद टाकतो, पंधरा वर्षांच्या वर नोकरी झालीय, पेन्शन कुठं जात नाही, घरी येतो, तू शीक. मी नको म्हटलं. उद्या माझी सीट हुकली तर यांची नोकरी माझ्या नावावर चढेल, ते कर्ज मला नको. त्यापेक्षा मी दुसरं सांगितलं. बीडीएसची चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे मी सदतीस-अडतीसची होईन. आर्मी डेंटल कोअरमध्ये शॉर्ट सर्व्हिसला पंचेचाळीसपर्यंत घेतात, त्याला पुन्हा एक नीट द्यावी लागते, पण ते नंतर बघू. थेट कॅप्टन. तुम्ही तोवर हवालदारच असलात तर रोज सकाळी मला सलाम. फोनवर बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "सलाम मारीन. पण दात दुसऱ्याकडं दाखवीन."

आता कॉलेजांचे पर्याय भरायचं काम चालू आहे. पाऊस असा की तीन दिवस नेट नाही, दवाखान्यातल्या वायफायवर पेशंट गेल्यावर भरते. गणपती २७ ऑगस्टला, सुट्टी मंजूर व्हायची आहे. मंजूर झाली आणि नेमकी त्याच आठवड्यात कागदपत्रांना बोलावलं तर काय, हे मी अजून यांना सांगितलेलं नाही.

परवा चहापूड शोधताना वरच्या फळीवर एक चपटी डबी सापडली. आत ते हळकुंड, दोऱ्यासकट, कागदात गुंडाळलेलं. मी मामींना म्हटलं, "हे अजून ठेवलंय? कुटून आमटीत घालायचं की."

मामी शेंगा फोडत होत्या, मान वर केली नाही. "असू दे गे. सीट न्हाई लागली तर मे महिन्यात पुन्ना कुठं शोधत बसू?"